यशाचे स्वतःचे माप : धर्मानंद कोसंबी यांच्या निमित्ताने



ह्या स्मृतिव्याख्यानासाठी संयोजकांनी मला ‘आत्मोन्नती आणि यश’ हा विषय सुचविला, तेव्हा मी त्यांच्याकडे एक सवलत मागून घेतली. यशाविषयी सर्वसाधारण बोलणे फार सोपे असते आणि ऐकणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसे काही पडत नाही. म्हणून एकाच माणसाच्या आयुष्याच्या आधाराने बोलण्याची परवानगी मी मागितली व ती त्यांनी आनंदाने दिली. व्याख्यानात वेळेअभावी जे सांगता आले नाही, त्यातले काही ह्या पुस्तिकेत घातले आहे.

आपल्या माजी विद्यार्थी संघाने सभासदांची माहिती गोळा करण्यासाठी एक तक्ता छापला आहे. त्यात नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, शिक्षण, हुद्दा आणि हल्लीचा पत्ता असे रकाने आहेत. तक्ता सोयीचा आहे आणि त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण तो हाती आला तेव्हा सहज मनात आले, की १९०३ साली धर्मानंद कोसंबींना कोणी हा तक्ता भरावयास दिला असता तर काय झाले असते? वय सव्वीस, शिक्षण कोणत्याही परीक्षेत न बसणारे, हुद्दा काही नाही, पत्ता तर दर काही महिन्यांनी बदलणारा. त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांची गणना वाया गेलेल्यांत केली असती, तर तिला दोष देता आला नसता. आणि तरीही त्या सुमारास ते आपल्या ठरविलेल्या वाटेवर बरेच पुढे आलेले होते. ही गोष्ट कशी शक्य होते, एवढेच मला आज समजावून सांगावयाचे आहे.

बडोद्याच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडण्यास एक विशेष कारण आहे. १९०८ साली कोसंबी कलकत्त्यास होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि विद्यापीठात त्यांनी पालीचे अध्यापन केले होते. सयाजीराव महाराजांची व त्यांची ओळख त्यापूर्वी झालेली होती. महाराजांनी त्यांना कळविले, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरी राहाल तर बडोदे सरकारकडून तीन वर्षे दरमहा ५० रुपये मिळतील, अट इतकीच की वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्यास राहिल्यास विद्यापीठ दरमहा २५० रुपये देण्यास तयार होते. कोसंबींनी ५० रुपये पत्करले आणि ते पुण्यास आले.

ही हकीकत सांगितली की बहुधा ‘केवढा त्याग!’ असा उद्गार निघतो. मला तो शब्द येथे योग्य वाटत नाही. त्याग म्हणजे आपल्याला हवे असलेले सोडणे. कोसंबींना काय हवे होते ते त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच ठरविले होते आणि त्या हिशेबाने पन्नासांचे पारडे जड होते. ते ठरविणे कसे झाले हे पाहण्यासाठी गोव्यात जावे लागेल.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ ह्या गावी झाला. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या खेड्यात मराठी शिक्षणाची सोय जेमतेम होती, त्यात त्यांची प्रकृती नाजूक. शाळा लवकरच सुटली. घरची माडांची बागायत होती, ती सांभाळावी, लग्न व्हावे, संसार करावा, असा क्रम ठरलेला होता आणि चौदा-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न होऊन तो सुरूही झाला. मन मात्र त्यात रमेना. तुकोबांच्या अभंगांचा आधार होता. अशा स्थितीत ‘बालबोध’ ह्या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. विनायक कोंडदेव ओक यांचे ते मासिक त्या काळी दूरदूरच्या मराठी घरांत जात असे. बुद्ध काय म्हणाला ते मुळातून समजून घ्यावयाचे, ही ओढ तेथून लागली. (लहान मुलांसाठी लिहिताना आपण कोणासाठी लिहीत आहो हे लेखकाला कधीच नक्की कळत नाही, हे येथे बसलेल्या शिक्षकांना जाता जाता सांगावेसे वाटते.)

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. येथून पुढचा मार्ग मी थोडा सावकाश सांगतो, कारण आत्मोन्नती ही कशी करावयाची गोष्ट आहे ते ह्या मार्गातच दिसते.

बौद्ध ग्रंथ वाचावयाचे तर संस्कृत पाहिजे, एवढेच तेव्हा त्यांना ठाऊक होते. म्हणून ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे साहाय्य मिळाले, पण संस्कृतचा पाया मुळापासून घालावयाचा तर काशी गाठावी असे ठरले. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर अशी मजल करीत ते काशीस पोहोचले. ह्या शहरांतली मराठी घरे त्या काळच्या अशा वाटसरूंचे विसाव्याचे ठिकाण असत. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरण आणि साहित्य यांचा अभ्यास केला. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत आहे असे ऐकले होते म्हणून १९०२ साली ते नेपाळात गेले. तेथे जे पाहिले त्याने निराशा झाली. बुद्धगयेस आल्यावर कळले, की मूळ ग्रंथ हवे असतील तर ते पालीत आहेत आणि पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. ते कलकत्त्यामार्गे कोलंबोला गेले, विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली शिकले, श्रामणेर झाले. तेथली हवा व आहार मानवला नाही. मग मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा उत्तर हिंदुस्थान, पुन्हा ब्रह्मदेश. ब्रह्मदेशात ग्रंथांबरोबर ध्यानाचाही अभ्यास झाला.

सात वर्षांच्या ह्या फिरतीचा नकाशा काढला तर तो एखाद्या भरकटलेल्या माणसाचा वाटेल. बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते, की प्रत्येक मुक्काम मागच्या मुक्कामी सापडलेल्या एका उणिवेतून निघालेला आहे. संस्कृत येत नाही म्हणून काशी, नेपाळात ग्रंथांचे जिवंत अध्ययन दिसेना म्हणून सिंहलद्वीप, ग्रंथ कळले पण त्यांतली साधना अनुभवावयाची राहिली म्हणून ब्रह्मदेशातले विहार. आपण किती पुढे आलो हे ते इतरांकडे पाहून मोजीत नव्हते. बुद्धवचन मुळातून कळण्यात अजून काय आडवे येते, हा त्यांचा प्रश्न होता. ह्या प्रश्नाची सोय अशी, की त्याला खरे उत्तर देता येते. पाली वाचता येते की येत नाही, ह्यात स्वतःला फसवावयास फार जागा नाही.

‘माझ्या यशाची व्याख्या मीच करणार’ असे आजकाल पुष्कळ ऐकू येते. चार दशके संस्कृत शिकविताना माझ्याही विद्यार्थ्यांकडून मी ते ऐकले आहे आणि ऐकताना पुष्कळदा मला अशी शंका आली, की ह्या वाक्याआड कोणतेच माप न लावून घेण्याची इच्छा दडलेली आहे. परीक्षेतल्या गुणांचे माप जाचक असेल, पण ते काढून टाकल्यावर त्या जागी काही ठेवावयास हवे. कोसंबींनी जे माप ठेवले ते गुणपत्रिकेहून कडक होते. त्यात वर्षाच्या शेवटी उत्तीर्ण होण्याची सोय नव्हती.

त्या मापाला दुसरी एक बाजू होती आणि तिच्यामुळेच ५० रुपयांची गोष्ट उलगडते. स्वतःला कळले म्हणजे संपले असे त्यांनी मानले नाही. जे कळले ते आपल्या लोकांना, आपल्या भाषेत कळले पाहिजे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. ज्या देशात ती गेली त्या देशाची लिपी तिने घेतली. सिंहलद्वीपात सिंहली, ब्रह्मदेशात ब्रह्मी, सयामात सयामी. युरोपातले विद्वान १८८१ पासून लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीमार्फत तेच ग्रंथ रोमन लिपीत छापीत होते. देवनागरी वाचणाऱ्याला मात्र ज्या देशात बुद्धाने उपदेश केला त्याच देशात त्याचे शब्द वाचण्यासाठी परकी लिपी शिकावी लागे. संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत छापण्याचे काम नालंदा येथून झाले ते १९५६ नंतर. कोसंबींची उमेद त्याच्या अर्धशतक आधीची आहे. कलकत्त्यास पाली शिकविणे हे चांगले काम होते, पण त्यातून मराठी वाचकाच्या हाती काही पडत नव्हते. बडोद्याच्या प्रस्तावात महाराष्ट्रात राहण्याची सवड होती आणि वर्षाला एक पुस्तक लिहिण्याची सक्ती होती. ती सक्ती हेच त्या प्रस्तावाचे मोल होते. बडोद्यास दिलेली व्याख्याने पुढे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ ह्या नावाने पुस्तकरूपाने आली. १९१४ साली ‘बुद्धलीलासारसंग्रह’ प्रसिद्ध झाला.

येथे महाराजांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सयाजीरावांनी १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये काढली, हे आपणांस परिचित आहे. ज्याच्याजवळ एकही पदवी नाही अशा माणसाला नोकरीत न अडकवता, त्याला हव्या असलेल्या कामासाठीच वेतन देणे, ही त्याच धोरणाची लहानशी शाखा होती. स्वतःच्या मापाने जगणारा माणूस एकट्याच्या बळावर जगत नाही. काशीचे अन्नछत्र, वाटेतली मराठी घरे, कोलंबोचा विहार, बडोद्याचा खजिना, ह्यांतले एकेक वजा करून पाहा. पुढच्या पिढीतल्या कोणाला असे काही करावेसे वाटले तर त्याला महिना-दोन महिने टेकू देणारे आपल्यापैकी कोण आहे, हा प्रश्न मी तक्त्यातल्या हुद्द्यांहून अधिक महत्त्वाचा समजतो.

मानाची व पैशाची ठिकाणे नाकारणे हाच कोसंबींचा बाणा होता, असे कोणी समजू नये. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांनी बोलाविले तेव्हा ते अमेरिकेस गेले आणि १९१० ते १९३२ ह्या काळात चार वेळा गेले. कारण काम त्यांच्या मापात बसणारे होते. बुद्धघोषाचार्यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा शील, समाधी आणि प्रज्ञा यांचे तेवीस परिच्छेदांत विवरण करणारा प्रचंड ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन ह्या अमेरिकन पंडिताने त्याचे संपादन हाती घेतले होते, पण १८९९ साली, म्हणजे ज्या वर्षी कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी, तो वारला. अपुरे राहिलेले ते काम पुरे करावयाचे होते. सिंहली व ब्रह्मी हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहणे, बुद्धघोषांनी घेतलेली अवतरणे त्रिपिटकात कोठे आहेत ते शोधणे, हे डोळे आणि धीर यांची परीक्षा पाहणारे काम आहे. त्यात त्यांचे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी शीर्षकपृष्ठावर आपले नाव कोणत्या रीतीने यावे यावरून बिनसले आणि १९१२ साली ते काम सोडून परत आले.

ह्या ठिकाणी काही चरित्रप्रेमी अडखळतात. निरिच्छ माणसाला नावाची एवढी पर्वा कशाला? मला त्यात विसंगती दिसत नाही. केलेल्या कामाचा हक्क सांगणे आणि नावासाठी काम करणे यांत अंतर आहे. मतभेद असूनही १९१८ साली ते पुन्हा त्याच कामावर गेले, यावरून कोणते पारडे जड होते ते दिसते. मधल्या सहा वर्षांत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. ‘बौद्ध धर्माची २५०० वर्षे’ ह्या विषयावरील १९५६ च्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाचे संपादक प्रा. पु. वि. बापट हे त्यांच्याच शिष्यांपैकी. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले त्यातही भांडारकरांच्या साहाय्याने त्यांचा मोठा वाटा होता. पुढे गुजरात विद्यापीठ, १९२९ साली लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास. ते सारे तपशीलाने सांगत बसत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू.

१८९९ साली कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. नवऱ्याच्या ज्ञानलालसेची पहिली सात वर्षे बाळाबाईंनी भरली. त्यांना कोणी विचारून हे ठरविले नव्हते. १९०६ साली चीवर उतरवून कोसंबी परत संसारात आले, पुढे मुले झाली, त्यांतले दामोदर हे गणित आणि इतिहास ह्या दोन्ही क्षेत्रांत नावाजले. पण ती सात वर्षे परत येण्यासारखी नव्हती. माणसाचे माप त्याचे स्वतःचे असले तरी त्याची किंमत एकट्याच्या खिशातून जात नाही. चरित्रे लिहिताना आपण हे चार ओळींत उरकतो. मला ते चार ओळींत उरकण्यासारखे वाटत नाही.

कोसंबींच्या लेखनात ह्याच प्रश्नाच्या जवळची एक जागा आहे. १९४०-४१ साली दोन भागांत निघालेल्या ‘भगवान बुद्ध’ ह्या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची चर्चा केली आहे. मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला आणि बाळाला सोडून तो गुपचूप निघाला, ही आपल्या सर्वांच्या परिचयाची कथा त्यांनी स्वीकारली नाही. अरियपरियेसन सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी दाखविले, की त्या जुन्या वर्णनात तो आईवडील रडत असताना, त्यांच्या समक्ष, केस काढून घराबाहेर पडतो. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे त्यामागचे कारण असावे असे त्यांनी मांडले. ह्या मताविषयी विद्वानांत वाद आहेत. मला विचार करावयास लावते ते हे, की स्वतः घर सोडून गेलेल्या माणसाने चाळीस वर्षांनी ती रात्रीची सुंदर कथा बाजूला ठेवली आणि रडणारी माणसे समोर उभी असलेले वर्णन खरे मानले. पुराव्याने त्यांना तिकडे नेले हे उघड आहे. तरीही जो माणूस आपल्या मापाची किंमत कोणी भरली हे जाणतो, त्याला ते वर्णन अधिक ओळखीचे वाटले असेल, असे मी म्हटले तर आपण मला क्षमा कराल.

१९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत कोसंबींनी ‘बहुजन विहार’ उभा केला. जुगलकिशोर बिर्लांनी त्यासाठी पैसा दिला. जे ज्ञान काशी-कोलंबोत मिळविले ते गिरणगावातल्या माणसापर्यंत न्यावयाचे, ही त्यांच्या मूळ मापाची सर्वांत पुढची पायरी. काही वर्षांनी ते तेथूनही निघाले. शेवटी शरीर थकले, तेव्हा आता आपला कोणाला उपयोग नाही असे मानून त्यांनी अन्नत्याग केला. १९४६ साली गांधीजींनी त्यांना त्यापासून परावृत्त केले होते. पुढे सेवाग्रामात त्यांनी तो पुन्हा आरंभिला आणि जून १९४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्या निर्णयाची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ज्याने आयुष्यभर लोकांच्या उपयोगी पडण्याचे माप लावले त्याने म्हातारपणीच्या दुबळ्या शरीरालाही तेच लावावे, हे मला त्या मापाचे अपुरेपण वाटते. सभागृहातल्या माझ्या वयाच्या मंडळींनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनीही येथे त्यांचे अनुकरण मुळीच करू नये.

तरुण माजी विद्यार्थ्यांनी व्याख्यानानंतर मला विचारले, की नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा हे सगळे सांभाळून ह्यातले काय घेता येईल? घर सोडण्याची गरज नाही, हे मी वर सांगितलेच. ‘वर्षाला एक पुस्तक’ ही अट मात्र घेण्यासारखी आहे. आपल्याला काय यावे असे आपण ठरविले आहे ते एका वाक्यात कागदावर लिहावे आणि वर्षाच्या शेवटी दुसऱ्याच्या हातात ठेवता येईल असे त्यातून काय निघाले ते पाहावे. मग ते एखादे हस्तलिखित असो, शिकविलेला विद्यार्थी असो, की नीट बसलेली एखादी बंदिश असो. दुसऱ्याच्या हातात ठेवता न येणाऱ्या आत्मोन्नतीविषयी मी थोडा साशंक असतो. आणि घरातल्या ज्या माणसाच्या वेळातून हे होणार आहे, त्याला तो कागद आधी वाचून दाखवावा.

ज्यांना मूळ पुस्तके पाहावयाची असतील त्यांनी कोसंबींचे ‘निवेदन’ हे १९२४ सालचे आत्मचरित्र आधी घ्यावे. मराठीत इतके निराभरण आत्मकथन विरळ. त्यानंतर ‘भगवान बुद्ध’. साहित्य अकादमीने त्याची इतर भारतीय भाषांत भाषांतरे करविली आहेत. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी निघाला, त्यावर संपादक म्हणून वॉरनचे आणि ते संपादन तपासून सुधारणारे म्हणून धर्मानंद कोसंबींचे नाव आहे. ती छपाई रोमन लिपीत आहे. त्याच ग्रंथाची त्यांनी स्वतः सिद्ध केलेली देवनागरी प्रत मात्र मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांच्या हयातीतच, १९४० साली काढली.